पूर्वसंशोधनाचा आढावा आणि वेब-टिपणांची साधने

प्रबंधातील पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण लिहिण्यास जितके सोपे वाटते, तितकेच ते तपासण्यास अवघड असते. अमुक अभ्यासकाने अमुक मत मांडले, दुसऱ्याने त्याचे खंडन केले, अशी वाक्ये एकामागून एक येतात. प्रत्येक वाक्यापुढे ग्रंथकाराचे नाव व प्रकाशनाचे साल असते. आणि वाचक पुढे जातो. ते मत ग्रंथात नेमके कोठे, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या मर्यादा घालून मांडले होते, हे कळण्याचा मार्ग त्याला नसतो. पुष्कळदा लिहिणाऱ्यासही ते सांगता येत नाही. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये काही महिने, क्वचित काही वर्षे लोटलेली असतात. वहीतील टिपणात मूळ ग्रंथकाराचे शब्द कोणते व टिपणकाराचे कोणते, हा भेद पुसला गेलेला असतो. आढाव्यातील विधान आणि मूळ ग्रंथातील ओळ यांमधला दुवा एकदा निखळला, म्हणजे आढावा हा संशोधनाचा पाया राहत नाही. तो ऐकीव मतांचा संग्रह होतो.

हा दुवा टिकवून धरण्यास वेब-टिपणांची साधने कितपत उपयोगी पडतात, त्यांची रचना कशी असते, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्यांच्या वापरात कोणती विशेष अडचण येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. दुवा निखळल्याचे एक उदाहरण

मराठी आणि कोकणी यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १९९२ साली कोकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाल्यापासून तिच्या घटनात्मक दर्जाविषयी प्रश्न उरलेला नाही. परंतु पूर्वीच्या अभ्यासकांनी तिचे वर्गीकरण कोणत्या पुराव्यावर केले, हा इतिहासाचा प्रश्न म्हणून कायम आहे आणि त्यावर आढावे लिहिले जातात.

अशा आढाव्यांत "ग्रिअर्सन यांच्या मते कोकणी ही मराठीची बोली होय" हे वाक्य हमखास आढळते. त्याचा आधार म्हणजे भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा १९०५ साली प्रसिद्ध झालेला सातवा खंड. हा खंड मराठीला वाहिलेला असून कोकणीचे वर्णन त्यात मराठीच्या कक्षेत केलेले आहे, हे खरे. तथापि तो खंड सिद्ध केला तो नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी. ग्रिअर्सन हे संपूर्ण सर्वेक्षणाचे संपादक होते. तेव्हा हे मत कोनो यांचे म्हणून नोंदवावयाचे की संपादक या नात्याने ग्रिअर्सन यांचे, याचा निर्णय मूळ खंड उघडल्यावाचून करता येत नाही. एका आढाव्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा आढावा लिहिला गेला, म्हणजे हा प्रश्न उपस्थितही होत नाही.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. अ. मा. घाटगे यांची दक्षिण कॅनरातील कोकणीवरील (१९६३) आणि कुडाळीवरील (१९६५) पुस्तके मराठी बोलींच्या सर्वेक्षणाच्या मालेत निघाली. मालेच्या नावावरून ग्रंथकाराचे वर्गीकरणविषयक मत अनुमानाने काढणे आणि पुस्तकातील प्रत्यक्ष विधानावरून ते नोंदविणे, या दोन भिन्न क्रिया होत. उलट, सु. मं. कत्रे यांच्या 'द फॉर्मेशन ऑफ कोकणी' (१९४२) या ग्रंथाच्या नावातच कोकणीचा स्वतंत्रपणे विचार सूचित झाला आहे. परंतु तेथेही ग्रंथनाम हा पुरावा नव्हे, आतील ध्वनिविचार व रूपविचार हा पुरावा होय. आढाव्यातील प्रत्येक विधानामागे मूळ ओळ बांधलेली असेल, तर हे भेद आपोआप उघडे पडतात. ती बांधलेली नसेल, तर सर्व मते सारख्याच वजनाची वाटू लागतात.

२. टीप आणि संहिता यांचे जुने नाते

मूळ मजकूर आणि त्यावरील टिपण यांचा संबंध कसा राखावा, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. हस्तलिखितांच्या काळी समासात लिहिलेली टीप पुढच्या लेखकाने नक्कल करताना संहितेत उतरविली, असे प्रकार पाठचिकित्सकांना पदोपदी भेटतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढीलांनी तीत पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. टीप कितीही मोलाची असली, तरी तिने संहितेत शिरता कामा नये, हे तत्त्व त्या ताकदीमागे आहे.

दुसऱ्या अंगाने, टीप संहितेपासून इतकी दूरही जाऊ नये की ती कोणत्या शब्दावर आहे हेच कळू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभाराताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा पाठमेलनासाठी आखलेले कागद वापरले जात. वरच्या बाजूस आधारभूत पाठातील श्लोक, त्याखाली एकेका पोथीचे संकेतचिन्ह आणि तिच्यातील पाठभेद अक्षरशः ज्या त्या अक्षराखाली, आणि बाजूला शेऱ्यांसाठी जागा, अशी त्या कागदाची मांडणी होती. कोणत्या अक्षराविषयी, कोणत्या पोथीच्या आधारे, काय म्हटले आहे, ही तीनही अंगे एकाच दृष्टिक्षेपात दिसत. संपादकाचा निर्णय चुकला असे कोणास वाटल्यास त्याला त्या निर्णयापर्यंतची वाट पुन्हा चालून पाहता येई.

संहितेपासून अलग आणि तरीही संहितेतील नेमक्या स्थानाशी बद्ध, अशी ही दुहेरी अट होय. वेब-टिपणांची साधने नेमकी हीच अट यंत्राच्या साहाय्याने पुरी करू पाहतात. म्हणून त्यांचा विचार पाठचिकित्सेच्या परंपरेत करणे युक्त ठरते.

३. साधनांचा विकास

वाचकाने दस्तऐवजावर स्वतःच्या टिपा जोडाव्यात आणि त्या वाटा इतरांनाही चालता याव्यात, ही कल्पना व्हॅनेव्हार बुश यांनी जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली' या मासिकातील लेखात मांडली. त्यांनी कल्पिलेले 'मेमेक्स' हे यंत्र सूक्ष्मचित्रफितींवर चालावयाचे होते आणि ते कधीच बांधले गेले नाही. पण कल्पना टिकली. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील केंद्रात तयार झालेल्या मोझेक या ब्राउझरमध्ये टिपा जोडण्याची सोय होती. व्यक्तिगत टिपा वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर राहत. समूहाच्या टिपांचा प्रयोगही झाला, पण तो लवकरच सोडून द्यावा लागला. २००१ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या मानकसंस्थेने 'अॅनोटेआ' नावाचा प्रकल्प पुढे आणला. २०११ साली हायपोथेसिस या ना-नफा संस्थेची स्थापना झाली. तिचे साधन आज विद्यापीठीय वर्तुळात विशेष परिचित आहे. शेवटी २३ फेब्रुवारी २०१७ रोजी उपरिनिर्दिष्ट मानकसंस्थेने वेब-टिपणांची रचना, परिभाषा आणि देवघेवीची पद्धती यांविषयीची मानके संमत केली.

मानक संमत होण्याचे महत्त्व असे की, एका साधनात केलेले टिपण दुसऱ्या साधनास वाचता येणे तत्त्वतः शक्य झाले. जे टिपण एकाच कंपनीच्या साधनात कोंडलेले असते, ते त्या कंपनीबरोबरच संपते.

४. टिपणाची रचना: आशय, लक्ष्य आणि हेतू

मानकानुसार प्रत्येक टिपणास दोन मुख्य अंगे असतात. एक म्हणजे टिपणाचा आशय, म्हणजे अभ्यासकाने लिहिलेला मजकूर. दुसरे म्हणजे लक्ष्य, म्हणजे ज्या मजकुराविषयी ते लिहिले आहे तो दस्तऐवज आणि त्यातील नेमका भाग. यांखेरीज टिपण कोणी केले आणि केव्हा केले, याची नोंद त्याबरोबर ठेवता येते.

यांत आणखी एक अंग आहे आणि आढाव्याच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. ते म्हणजे हेतू. टिपण कशासाठी केले, हे सांगण्यासाठी मानकात १३ हेतू दिले आहेत: मूल्यमापन, वाचनखूण, वर्गीकरण, भाष्य, वर्णन, संपादन, अधोरेखन, अभिज्ञान, जोडणी, नियमन, प्रश्न, उत्तर आणि संज्ञांकन. पेन्सिलीने ओढलेली रेघ या तेरांतील कोणत्या हेतूने ओढली होती, हे वर्षभराने कोणासही आठवत नाही. "हे पटले" म्हणून ओढलेली रेघ आणि "हे तपासले पाहिजे" म्हणून ओढलेली रेघ दिसण्यात सारखीच असते. हेतू स्वतंत्रपणे नोंदविला, म्हणजे रेघेला अर्थ येतो.

व्यवहारात सर्व साधने हे १३ हेतू वापरकर्त्यापुढे मांडत नाहीत. हायपोथेसिसमध्ये टिपण, अधोरेखन, संपूर्ण पानावरील टीप आणि उत्तर असे प्रकार आहेत, आणि त्यांना हव्या त्या संज्ञा, म्हणजे 'टॅग', जोडता येतात. हेतूंची बारीक विभागणी करावयाची ती या टॅगांच्या द्वारा करावी लागते, आणि ती जबाबदारी अभ्यासकाची असते.

५. स्थाननिर्देशाची पद्धती

या साधनांतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे स्थाननिर्देश. छापील पुस्तकात 'पृष्ठ ४७, ओळ १२' हा पत्ता पुरतो. कारण पान आणि ओळ कायम असतात. वेबवरील पानात ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलतात आणि मजकूरही कालांतराने दुरुस्त केला जातो. म्हणून साधने एकाच स्थानाचे अनेक पत्ते नोंदवून ठेवतात.

पहिला पत्ता पानाच्या रचनेवरून दिलेला असतो: अमुक विभागातील अमुक परिच्छेद. दुसरा पत्ता मोजणीवरून: संपूर्ण मजकूर एका ओळीत मांडला असता निवडलेला भाग कितव्या वर्णचिन्हापासून कितव्यापर्यंत येतो. तिसरा पत्ता उद्धरणावरून: निवडलेले शब्द जसेच्या तसे, आणि त्यांच्या मागचापुढचा थोडा मजकूर. हायपोथेसिस या साधनात मागची ३२ आणि पुढची ३२ वर्णचिन्हे अशी ही संदर्भचौकट असते.

पान पुन्हा उघडले म्हणजे साधन हे पत्ते क्रमाने ताडून पाहते. रचना बदललेली नसेल, तर पहिल्या पत्त्यावर काम भागते. आरंभी एखादा परिच्छेद वाढला असेल, तर पहिले दोन पत्ते चुकतात. पण तिसरा बहुधा लागू पडतो, कारण शब्द तेच असतात. एखाददुसरा शब्द बदलला असला, तरी काही प्रमाणात फरक सोसून जवळात जवळचा मजकूर शोधला जातो. तेही साधले नाही, म्हणजे टिपण 'अनाथ' ठरते: त्याचा आशय शिल्लक राहतो, पण ते कोणत्या ओळीवर होते ते पानावर दाखविता येत नाही. अनाथ टिपणाबरोबर मूळ उद्धरण जपलेले असते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. मूळ लेखकाने विधान मागे घेतले किंवा बदलले, याचा पहिला पुरावा कधी कधी अशा अनाथ टिपणातच सापडतो.

पीडीएफ फाइलीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. प्रत्येक फाइलीची एक अंतर्गत ओळखखूण असते; तिच्यामुळे संगणकावर उतरवून घेतलेली प्रत आणि ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील प्रत एकच आहे, हे साधनास ओळखता येते आणि एकीवरील टिपणे दुसरीवरही दिसतात. मात्र तोच लेख दुसऱ्या कोणी नव्याने छायाचित्रित केला असेल, तर ती फाइल निराळी समजली जाते.

६. मराठी मजकुराची विशेष अडचण

येथवर सांगितलेली पद्धती रोमन लिपीतील मजकुरावर बव्हंशी निर्वेध चालते. देवनागरीतील मजकुराच्या बाबतीत मात्र तिला तीन अडथळे येतात. मराठी अभ्यासकाने ते आरंभीच समजून घेणे इष्ट होय.

पहिला अडथळा मोजणीचा. यंत्र अक्षरे मोजत नाही, वर्णचिन्हे मोजते. 'विद्यार्थ्यांनी' या शब्दात मराठी वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरे आहेत. पण व्यंजने, हलन्ते, काने, वेलांट्या आणि अनुस्वार हे स्वतंत्र धरले, तर युनिकोडमध्ये त्या शब्दास १५ चिन्हे लागतात. असे दोन शब्द आणि दोन मोकळ्या जागा एवढ्यातच ३२ चिन्हांची संदर्भचौकट संपते. रोमन लिपीत जी चौकट पाच-सहा शब्दांची असते, ती मराठीत दोन-तीन शब्दांवर येऊ शकते. 'असे म्हणता येईल' यांसारखा वारंवार येणारा शब्दसमूह निवडला, तर चुकीच्या जागी जोडणी होण्याचा संभव त्यामुळे वाढतो. उपाय सोपा आहे: तुटक शब्द न निवडता संपूर्ण वाक्य निवडावे.

दुसरा अडथळा एकाच दृश्यरूपामागील भिन्न संकेतांचा. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एकात 'ऱ' हे चिन्ह हलन्त केलेले असते, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवलेले असते. 'ॲ' हे अक्षरही एका स्वतंत्र चिन्हाने, किंवा 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. डोळ्यांना भेद दिसत नाही. यंत्राला हे शब्द निराळे वाटतात, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही ही रूपे एक होत नाहीत. परिणामी एकाच लेखाच्या दोन ठिकाणच्या प्रतींत उद्धरण जुळत नाही, आणि टॅगमध्ये असा शब्द आला तर एकाच संज्ञेच्या दोन संज्ञा होऊन बसतात. टॅगांची यादी एकदाच तयार करून तीतूनच शब्द उचलण्याची सवय त्यासाठी ठेवली पाहिजे.

तिसरा अडथळा सर्वांत मोठा, आणि तो जुन्या फाँटांचा व छायाप्रतींचा. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी संगणकावर जुळविलेला बराच मराठी मजकूर असा आहे की, पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत असतात. अशा पीडीएफमधील वाक्य निवडले, तर उद्धरण म्हणून निरर्थक चिन्हांची ओळ साठविली जाते. टिपण त्या प्रतीवर दिसत राहते. पण त्यातील उद्धरण शोधता येत नाही, दुसऱ्या प्रतीशी जुळत नाही आणि आढाव्यात उतरविता येत नाही. जुन्या ग्रंथांच्या व प्रबंधांच्या छायाप्रतींत तर निवडण्याजोगा मजकूरच नसतो. तेथे आधी यांत्रिक अक्षरओळख करून घ्यावी लागते, आणि ती जोडाक्षरांत चुकते.

यावर निश्चित परीक्षा एकच. फाइलीवर काम सुरू करण्यापूर्वी तीतील एक वाक्य उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत ठेवून पाहावे. ते मराठीत उमटले, तर टिपणे टिकाऊ होतील. न उमटल्यास उद्धरण हाताने लिहून टिपणाच्या आशयात ठेवावे, आणि त्यासोबत आवृत्ती व छापील पृष्ठांक न चुकता नोंदवावा. छायाप्रतींसाठी झोटेरोसारख्या साधनात पानाचा चौकोनी भाग चित्र म्हणून निवडण्याची सोय आहे. ती येथे उपयोगी पडते. तात्पर्य, जेथे यंत्राचा पत्ता कच्चा, तेथे छापील पुस्तकाचा जुना पत्ताच पक्का ठरतो.

७. आढाव्याच्या कामातील क्रम

साधन कोणतेही असले, तरी आढाव्याचे काम चार पायऱ्यांनी करणे हितावह ठरते.

पहिली पायरी संज्ञांची. वाचनापूर्वीच टॅगांची एक छोटी यादी निश्चित करावी आणि प्रत्येक टॅगचा अर्थ एका वाक्यात लिहून ठेवावा. वरील कोकणीच्या उदाहरणात दोन गट पुरेसे होतील. पहिला गट पुराव्याच्या क्षेत्राचा: ध्वनी, रूप, वाक्यरचना, शब्दसंग्रह, इतिहास. दुसरा गट विधानाच्या स्वरूपाचा: प्रत्यक्ष विधान, अनुमान, परमत-उल्लेख, शीर्षकावरून सूचित. दुसरा गट विशेष महत्त्वाचा, कारण घाटगे यांच्या पुस्तकांबाबत दाखविलेला भेद त्यानेच नोंदविला जातो. वाचन चालू असता यादीत भर पडणारच. मात्र नवा टॅग घातल्यावर आधी वाचलेले ग्रंथ त्या दृष्टीने पुन्हा चाळले पाहिजेत, नाहीतर आरंभीच्या ग्रंथांवर अन्याय होतो.

दुसरी पायरी वाचनाची. प्रत्येक टिपणात मूळ उद्धरण साधन आपोआप ठेवते. आशयाच्या जागी टिपणकाराने केवळ आपले शब्द लिहावेत. उद्धरण आणि भाष्य यांची अशी फारकत झाली, म्हणजे दुसऱ्याचे वाक्य नकळत आपले म्हणून लिहिले जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. वाङ्मयचौर्याची कित्येक प्रकरणे हेतुतः केलेल्या चोरीची नसून गबाळ्या टिपणवह्यांची असतात.

तिसरी पायरी पडताळ्याची. एकाच आढाव्यावर दोघे काम करीत असल्यास त्यांनी काही उतारे एकमेकांची टिपणे न पाहता स्वतंत्रपणे वाचावेत. हायपोथेसिसमध्ये टिपण प्रथम केवळ स्वतःपुरते ठेवून नंतर गटास खुले करता येते. त्यामुळे हे शक्य होते. दोघांच्या मतैक्याचे मोजमाप करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविलेला कप्पा हा गुणांक वापरला जातो. समजा, १०० उतारे दोघांनी वाचले. ४० उताऱ्यांना दोघांनीही 'प्रत्यक्ष विधान' हा टॅग लावला, ४० उताऱ्यांना दोघांनीही लावला नाही, १० उताऱ्यांना केवळ पहिल्याने व १० उताऱ्यांना केवळ दुसऱ्याने लावला. वरवर पाहता मतैक्य ८० टक्के झाले. परंतु प्रत्येकाने निम्म्या उताऱ्यांना टॅग लावला असल्यामुळे निव्वळ योगायोगानेही ५० टक्के मतैक्य घडले असते. योगायोगापलीकडे साधता येण्याजोग्या ५० टक्क्यांपैकी ३० टक्के प्रत्यक्षात साधले. म्हणून गुणांक ०.६० येतो. या आकड्याहून अधिक बोधप्रद असतात ते वादग्रस्त २० उतारे. ते समोर ठेवून चर्चा केली, म्हणजे टॅगची व्याख्या कोठे सैल होती ते कळते.

चौथी पायरी संकलनाची. टॅगांनुसार टिपणे एकत्र केली, म्हणजे आढावा ग्रंथकारांच्या क्रमाने न लिहिता प्रश्नांच्या क्रमाने लिहिता येतो. 'रूप' या टॅगखाली कोनो, कत्रे आणि घाटगे यांचे उतारे एकाखाली एक आले, की तिघांनी एकाच पुराव्याचा विचार केला आहे की निरनिराळ्या, हे लगेच दिसते. झोटेरो हे साधन २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्रात निर्माण झाले. २०२२ सालच्या त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफवरील टिपणे पृष्ठांक व संदर्भ यांसह एका टाचणात गोळा करता येतात, आणि त्या टाचणातील प्रत्येक उद्धरणावरून मूळ पानावर परत जाता येते. २०२४ सालच्या सातव्या आवृत्तीत वेबपानांच्या जतन केलेल्या प्रतींवरही टिपणे करण्याची सोय झाली. संपूर्ण पान स्वतःजवळ असल्यामुळे तेथे टिपण अनाथ होण्याचे भय राहत नाही.

८. वाचकापर्यंत पोहोचणारी टिपणे

येथवरचा विचार अभ्यासकाच्या स्वतःच्या कामाचा झाला. टिपणे वाचकांस खुली केल्यास त्यांचा उपयोग आणखी वाढतो. सिरॅक्यूज विद्यापीठातील गुणात्मक विदा-भांडाराने हायपोथेसिसच्या सहकार्याने सिद्ध केलेली एक पद्धती येथे उल्लेखनीय आहे. प्रसिद्ध झालेल्या लेखातील महत्त्वाच्या विधानांवर लेखक स्वतःच टिपणे जोडतो. अशा टिपणात मूळ साधनातील उतारा, त्या उताऱ्यावरून विधान कसे निघते याचे विवेचन, पूर्ण संदर्भ, आणि शक्य असल्यास मूळ साधनाकडे नेणारा दुवा, एवढ्या गोष्टी असू शकतात. मुलाखती, पत्रव्यवहार, अभिलेखागारातील कागद यांवर आधारलेल्या संशोधनास ही पद्धती विशेष मानवते. कारण तळटीपेत जे मावत नाही ते येथे मावते.

जीवशास्त्रातील 'ई-लाइफ' या संशोधनपत्रिकेने जानेवारी २०१८ पासून आपल्या लेखांवर वाचकांना टिपणे जोडण्याची सोय केली. प्रकाशनानंतरचा आढावा लेखाच्या शेवटी सामान्य अभिप्राय म्हणून न येता ज्या ओळीविषयी शंका आहे त्या ओळीवरच येतो, हा यातला विशेष.

९. मर्यादा आणि पथ्ये

या साधनांचा स्वीकार करताना काही गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली गोष्ट गोपनीयतेची. हायपोथेसिसमध्ये सार्वजनिक म्हणून केलेली टिपणे सर्व हक्क सोडून सार्वजनिक मालकीची होतात. मागाहून पश्चात्ताप झाला तरी इतरांनी घेतलेल्या प्रती परत येत नाहीत. परीक्षणासाठी आलेले अप्रसिद्ध हस्तलिखित किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध यांवरील टिपणे कदापि सार्वजनिक करू नयेत. संस्थेची अनुमती नसेल, तर ती दूरच्या सर्व्हरवरही ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. मोझेकमधील समूह-टिपणांचा प्रयोग संपला, तशीच गत कोणत्याही सेवेची होऊ शकते. टिपणे ठरावीक काळाने फाइलरूपाने बाहेर काढून आपल्यापाशी ठेवणे हा त्यावरील उपाय होय, आणि प्रचलित साधनांत तशी सोय असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टिपणांची रास म्हणजे आढावा नव्हे. साधन उतारे शोधून देते, एकत्र लावून देते, परत मूळ ओळीकडे नेते. पण कत्रे यांचा पुरावा कोनो यांच्या पुराव्याहून बळकट का, याचा निर्णय अभ्यासकानेच द्यावयाचा असतो. रेघा ओढण्याची सुलभता वाढली की रेघा वाढतात आणि विचार मागे पडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ज्या टिपणाच्या आशयात स्वतःचे एकही वाक्य नाही, ते टिपण आढाव्यात घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ निभावते.

१०. उपसंहार

सारांश, वेब-टिपणांच्या साधनांचे खरे मोल वेग वाढविण्यात नसून आढावा तपासण्याजोगा करण्यात आहे. स्थान, हेतू आणि कर्ता यांची नोंद ज्या टिपणात आहे, ते टिपण दुसऱ्या अभ्यासकाच्या हाती दिले तरी आपला अर्थ गमावत नाही. मराठी मजकुरात स्थानाची नोंद अजून कच्ची असल्यामुळे येथे यंत्रावर विसंबून न राहता आवृत्ती आणि पृष्ठांक हाताने नोंदविण्याची शिस्त अधिकच आवश्यक ठरते.

विद्यापीठीय विभागांस यातून एक सोपा उपक्रम हाती घेता येईल. प्रबंधाबरोबर संदर्भसूची जशी जोडली जाते, तशीच आढाव्यासाठी वापरलेल्या टॅगांची व्याख्यांसह यादी आणि त्या टॅगांखाली जमलेली टिपणे यांचे एक परिशिष्ट जोडण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. परीक्षकास आढाव्यातील कोणतेही विधान घेऊन मूळ ओळीपर्यंत जाता येईल. आणि त्याच विषयावर पुढे काम करणाऱ्या विद्यार्थ्यास आधीच्या प्रबंधातील निष्कर्षांबरोबर त्यामागचे वाचनही हाती लागेल.